बागूलबेनचा घरचा प्रश्न

आमच्या प्राणिशास्त्र विभागाच्या दारात एके सकाळी एक रिक्षा येऊन थांबली आणि रिक्षात मावतील त्याहून बरीच जास्त माणसं तिच्यातून उतरली. प्रत्येकाच्या हातात मोठी प्लास्टिकची पिशवी आणि पिशवीत एक्सरे. कुणाचा गुडघा, कुणाची छाती. एका म्हाताऱ्या बाईंनी तर नुसता अंगठा आणला होता. सगळ्यांच्या पुढे, कडक इस्त्रीचा पांढरा शर्ट घातलेले आणि कपाळाला ताजं गंध लावलेले एक गृहस्थ. त्यांनी मला नमस्कार केला आणि मोठ्या अदबीने विचारलं,

"साहेब, डॉक्टर कावेरी बागूल कोणत्या वॉर्डात बसतात?"

माझ्या मागच्या कपाटात बरणीतला बेडूक होता. त्या क्षणी त्याच्या आणि माझ्या चेहऱ्यात फारसा फरक नसावा.

आता तुम्ही म्हणाल, प्राणिशास्त्राच्या विभागात वॉर्ड कुठून आला? तोच तर किस्सा आहे. पण तो सरळ सांगून चालणार नाही. आधी बागूलबेन सांगावी लागेल.

आमच्याकडे जीवशास्त्राला येणारं पोर हे मुळात डॉक्टर न झालेलं पोर असतं. गुजरातेत अकरावीला 'बी ग्रुप' घेतला, म्हणजे गणित सोडलं आणि जीवशास्त्र धरलं, की घरच्यांनी मनातल्या मनात दवाखान्याची पाटी रंगवायला टाकलेली असते. मग 'नीट'चा, म्हणजे डॉक्टरीच्या प्रवेशपरीक्षेचा, निकाल लागतो. पाटी पुसायला कुणी तयार नसतं, आणि पोर गुपचूप आमच्या बीएस्सीला येऊन बसतं. पहिल्या आठवड्यात आमच्या वर्गात डोकावून पाहा. सगळेजण स्वतःच्याच तेराव्याला जेवायला आल्यासारखे दिसतात.

यावर उपाय म्हणून वरून एक परिपत्रक आलं. वरच्या वर्गातल्या मुलांनी खालच्या वर्गातल्यांना हात द्यायचा, त्यांच्या अडचणी ऐकायच्या, अभ्यासाला लावायचं. नाव 'पिअर मेंटरिंग'. आमच्या विभागप्रमुख देसाई मॅडम शिस्तीच्या. त्यांनी लगेच बिल्ले छापून घेतले, मेंटर नेमले, प्रत्येकाच्या पदरात पहिल्या वर्षाची चार-पाच पोरं घातली आणि सगळ्यांचा फोटो काढला. बहुतेक मेंटरांनी आपल्या पोरांचा व्हॉट्सॲप ग्रुप केला, त्यावर जुन्या प्रश्नपत्रिका टाकल्या आणि बिल्ला दप्तरात टाकला. समाजसेवा संपली.

कावेरी बागूलने बिल्ला घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि मॅडमना विचारलं, "मॅडम, आमांथी कशुं समजवानुं छे के खाली पहेरवानुं छे?" यातून काही समजायचंय की नुसता घालायचाय? मॅडमना पहिल्यांदा राग आला आणि मग हसू. त्या मुलीच्या बाबतीत हा क्रम बहुतेकांचा असायचा.

ती तेव्हा दुसऱ्या वर्षाला होती. राहणार लिंबायत, म्हणजे सुरतेतली आमची खानदेशी वस्ती. उंची बेताची, दप्तर तिच्याहून मोठं, आणि आवाज? तिचं सगळं बालपण पॉवरलूमच्या खात्याला, म्हणजे कारखान्याला, लागून असलेल्या गल्लीत गेलेलं. तिथे यंत्रांच्या वर आवाज चढवल्याशिवाय शेजारणीला मीठही मागता येत नाही. त्यामुळे कुजबुज हा प्रकार तिला येतच नव्हता. ती कुणाच्या कानात काही सांगायला लागली की लायब्ररीतली माणसं माना वर करायची. देसाई मॅडमशी ती गुजराती बोलायची, पोरांशी हिंदी, माझ्याशी मराठी, आणि राग आला किंवा माया दाटली की अहिराणी. दोन्हींतलं काय आलंय ते ज्याचं त्याने ओळखायचं. मी मूळचा पारोळ्याचा, त्यामुळे मला निदान शब्द तरी कळायचे.

तिच्या वाट्याला आलेली पोरं तिला 'बागूलबेन' म्हणायला लागली. लिंबायतच्या खानदेशी पोरीच्या नावाला असा गुजराती 'बेन' लागलेला पाहून मला फार गंमत वाटायची.

तिची एक सवय सांगतो. दप्तरात कायम भाजलेल्या नाहीतर कच्च्या शेंगा. शेंग फोडायची, दाणा सालीतून काढायचा, पण तसाच तोंडात टाकायचा नाही. नखाने त्याच्या दोन डाळी वेगळ्या करायच्या, टोकाशी चिकटलेला तो इवलासा कोंब समोरच्याला दाखवायचा, "हाई दख, बाळ," म्हणायचं आणि मग खायचं. प्रत्येक दाण्याला. मी एकदा म्हटलं, "अगं, पाहिलं ना आता, किती वेळा दाखवशील?" तर म्हणाली, "सर, तुम्ही पाहिलं. हे बाळ तर पहिल्यांदाच दिसतंय ना?"

तिची शाळा दर शुक्रवारी दुपारी भरायची, आमच्या म्युझियमबाहेरच्या पायऱ्यांवर. म्युझियम म्हणजे बरण्या, सांगाडे आणि एक पेंढा भरलेला गरुड, ज्याचा एक डोळा कधीतरी कुणीतरी काढून नेला. तिथेच माझं टेबल आहे. खिडकी पायऱ्यांवर उघडते. मी चोरून ऐकायचो असं कुणी म्हणू नये. तिचा आवाज पाहता, न ऐकण्यासाठी मला उठून उधन्याला जावं लागलं असतं.

पहिल्याच दिवशी तिने पोरांना सांगितलं, "नीटला किती आले ते इथे कुणी कुणाला विचारायचं नाही. देवळात जाताना चपला बाहेर काढतो ना, तसे ते मार्क बाहेर काढून ठेवायचे. जाताना हवे तर परत घाला."

हार्दिक नावाचा कोसाडचा एक मुलगा होता, उंच, पडेल चेहऱ्याचा. त्याने विचारलं, "बेन, आणि चोरीला गेले तर?"

"तर पेढे वाट," बागूलबेन म्हणाली.

ते पोरगं त्या दिवशी पहिल्यांदा हसलं.

तिची शिकवायची पद्धत अशी, की ती शिकवायचीच नाही. पोराने शंका विचारली की ती म्हणायची, "तुला यातलं काय काय माहीत आहे ते सांग." पोरगं पाठ केलेलं इंग्रजी घडाघडा म्हणायचं. बागूलबेन शांतपणे ऐकायची, एक दाणा फोडायची आणि म्हणायची, "माले समजनं नई. आखो सांग." मला समजलं नाही, पुन्हा सांग. पोरगं पुन्हा सांगायचं, या खेपेला थोडं स्वतःच्या भाषेत. "माले समजनं नई. आखो सांग." तिसऱ्या-चौथ्या खेपेला पोराचं इंग्रजी संपायचं, मग हिंदी संपायचं, आणि उरायचं ते त्याला खरोखर समजलेलं असायचं. महिन्याभरात कोसाडपासून भेस्तानपर्यंतची गुजराती पोरं एकमेकांना अहिराणीत "आखो सांग" म्हणायला लागली.

हा प्रयोग तिने माझ्यावरही केला. मूत्रपिंडात पाणी कसं राखलं जातं हे मी वर्गात गेली कित्येक वर्षं शिकवत आलोय, फळ्यावर रंगीत खडूने, अगदी नाट्य उभं करून. तास संपल्यावर ही पुढे आली. "सर, समजलं नाही. परत सांगता?" मी सांगितलं. "अजून एकदा?" पुन्हा सांगितलं. तिसऱ्या वेळी सांगता सांगता मला असा शोध लागला की यातला मधला टप्पा मलाही समजलेला नाही. मी खडू खाली ठेवला. ती म्हणाली, "मला वाटलंच सर, तिथे तुम्ही दर वेळी जरा जोरात बोलता."

पण तिचं खरं शस्त्र होतं 'घरचा प्रश्न'.

नियम असा: आठवड्यात जे शिकलात ते घरी जाऊन कुणाला तरी सांगायचं. घरच्या भाषेत. आई, आजी, काका, कुणीही. आणि त्या माणसाने जो प्रश्न विचारला असेल तो शुक्रवारी पायऱ्यांवर आणायचा. प्रश्न नाही तर जागा नाही, उभं राहायचं.

पोरांना पहिल्यांदा हे लाजिरवाणं वाटलं. हार्दिक पहिल्या शुक्रवारी उभाच राहिला. दुसऱ्या शुक्रवारी पाय दुखले असावेत, कारण तो प्रश्न घेऊन आला. त्याने त्याच्या आजीला, म्हणजे बाला, हृदयाचे चार कप्पे समजावून सांगितले होते. कप्पे म्हणताना शब्द सुचेना म्हणून 'चार ओरडा', चार खोल्या, असं म्हणाला. बाने सगळं नीट ऐकलं आणि विचारलं, "चार ओरडा छे, तो रसोडुं कयुं?"

चार खोल्या आहेत, तर स्वयंपाकघर कुठलं?

पायऱ्यांवर हशा पिकला. हार्दिक कानापर्यंत लाल झाला. बागूलबेन मात्र हसली नाही. ती म्हणाली, "बरोबर विचारलंय. घरात सगळ्यांसाठी राबणारी खोली कुठली? इथे सगळ्या अंगासाठी राबणारी कुठली? आणि तिची भिंत बाकीच्यांपेक्षा जाड का?" अर्धा तास वाद चालला. पुढे वार्षिक परीक्षेच्या तोंडीला मी हार्दिकला डाव्या जवनिकेबद्दल, म्हणजे त्या जाड भिंतीच्या कप्प्याबद्दल, विचारलं. तो डोळे मिटून म्हणाला, "सर, ए तो रसोडुं छे," आणि पुढचं सगळं अचूक सांगितलं. बाहेरून आलेले परीक्षक माझ्याकडे पाहायला लागले. मी गंभीरपणे मान डोलावली, जणू सगळ्या जगात हृदय असंच शिकवतात.

भेस्तानच्या पूनमच्या आईने तर आम्हा सगळ्यांना गप्प केलं. पूनमने घरी सांगितलं की झाडंसुद्धा रात्री श्वास घेतात, म्हणून लोक झाडाखाली झोपू नये म्हणतात. आई म्हणाली, "आणि आपण सगळे एका खोलीत दार लावून झोपतो ते? झाडाचा श्वास चालत नाही, आणि आपला चालतो?" त्या दिवशी पोरांनी गणित मांडलं, खोलीत माणसं किती, हवा किती, आणि शेवटी निष्कर्ष काढला की खिडकी उघडायची. पूनमच्या घरी त्या रात्रीपासून खिडकी उघडी. डास आले ते वेगळं. डासांवर पुढचा शुक्रवार गेला.

अशी गंमत चालली होती. एकच गोष्ट खटकायची. बागूलबेनने स्वतः कधी घरचा प्रश्न आणला नाही.

हार्दिक धीट झाल्यावर विचारायला लागला. "बेन, तमारो घरनो सवाल क्यारे?" तुमचा घरचा प्रश्न कधी?

"आमच्या घरी कुणाला प्रश्नच पडत नाहीत," ती म्हणायची आणि दाणा फोडायची. त्या वेळी मात्र 'बाळ' दाखवायला विसरायची.

मला कारण कळलं ते भरीताच्या वांग्यांमुळे. आता सुरतेत वांगी सगळीकडे मिळतात, पण आमच्या खानदेशी भरीताला लागतात ती मोठी हिरवी वांगी लिंबायतच्या बाजारातच. हिवाळ्यात मी तिथे जातो आणि वांगी दाबून पाहत बायकोच्या शिव्या खायची तयारी करतो. भाजीवाल्या बाईंना म्हटलं, "मागच्या वर्षी तुमचा गुडघा दुखत होता ना?" तर म्हणाल्या, "आता बरा आहे. आमच्या गल्लीत डॉक्टरीण आहे ना, बागूलची पोर. शिकतेय अजून, पण हात चांगला आहे."

मी वांगी तशीच हातात धरून गल्लीत शिरलो.

एका घराच्या ओट्यावर कावेरी बसली होती. आत तिची आई साडीवर टिकल्या चिकटवत होती. समोर एक म्हातारी, आणि कावेरीचा प्रख्यात आवाज. "गंगामाय, दुखतं ते जिना चढताना की उतरताना? सकाळी जास्त की संध्याकाळी?" म्हातारीने काहीतरी सांगितलं. कावेरी म्हणाली, "माले समजनं नई. आखो सांग." म्हातारीने पुन्हा, या वेळी नीट सांगितलं. "हां. आता उद्या महापालिकेच्या आरोग्य केंद्रात जायचं आणि तिथल्या डॉक्टरला हेच सांगायचं, असंच. नुसतं 'दुखस' म्हणायचं नाही. म्हण बघू एकदा मला." आणि तिने त्या म्हातारीची चक्क तोंडी परीक्षा घेतली.

मान वर केली तर समोर मी. तिचा चेहरा पांढरा पडला. पण बाई मोठी हुशार. उठली, माझ्या हातातल्या पिशवीकडे पाहून म्हणाली, "भरीत का सर?" आणि मला चालवत गल्लीच्या टोकाला घेऊन आली.

तिथे मला सगळं कळलं. नीटचा निकाल लागला, डॉक्टरीला प्रवेश मिळाला नाही, आमच्याकडे मिळाला. ती घरी येऊन म्हणाली, "नाना, ॲडमिशन झालं." नाना म्हणजे तिचे वडील, लूम कामगार. त्यांनी पुढे काही विचारलंच नाही. बी ग्रुप होता, ॲडमिशन झालं, म्हणजे डॉक्टर. त्याच संध्याकाळी सगळ्या खात्यात पेढे गेले. दुसऱ्या दिवशी गल्लीतली पहिली खोकला आलेली बाई दारात हजर.

"मी खोटं बोलले नाही सर," ती म्हणाली. "मी फक्त थांबवलं नाही. औषधाची एक गोळीसुद्धा मी आजपर्यंत कुणाला दिलेली नाही. सगळ्यांना केंद्रात पाठवते."

"मग सांगून टाक ना आता."

"अमळनेरचं स्थळ आहे, सर. नाना त्यांना सांगून बसलेत, पोरगी डॉक्टर होतेय, अजून वेळ लागेल. म्हणून ते थांबलेत. डॉक्टर नाही कळलं की येत्या लग्नसराईत हळद. मग एमएस्सी राहिली बाजूला." थोडं थांबून म्हणाली, "आणि लग्नाचं सोडा. नानांनी हाताने पेढे वाटलेत. ज्यांना वाटले त्यांच्यातच त्यांना रोज आठ तास उभं राहायचंय."

मी माझ्या वयाला शोभेल असं काहीतरी बोलायला तोंड उघडलं. ती म्हणाली, "सर, मेंटर मी आहे." मी तोंड मिटलं आणि वांगी घेऊन घरी आलो. भरीत चांगलं झालं होतं म्हणतात. मला चव लागली नाही.

ती तिसऱ्या वर्षाला असताना देसाई मॅडमनी पालकांचा मेळावा ठरवला. मेंटरांचा सत्कार, पालकांसमोर. कावेरीने आमंत्रणपत्रिका घरी नेलीच नाही. पण आमचा हार्दिक! तो आता दुसऱ्या वर्षात होता, ताठ चालायला लागला होता आणि कृतज्ञतेने नुसता ओसंडत होता. बेनच्या घरी आमंत्रण पोहोचलं नाही असं कळताच तो मोटारसायकल काढून थेट लिंबायतला गेला आणि नानांच्या पाया पडला. "अंकल, आपको आनाच पडेगा. बेन का सत्कार है. उनकी वजह से हम पास हुए." नानांना एवढंच कळलं की आपल्या डॉक्टर पोरीचा सत्कार आहे. गल्लीत बातमी गेली. गल्लीने विचार केला, नाहीतरी चाललोच आहोत कॉलेजच्या दवाखान्यात, तर एक्सरे घेऊन जाऊ. मोठे डॉक्टर असतील, पाहतील.

आणि अशा रीतीने ती रिक्षा आमच्या दारात आली.

मी नानांना काही उत्तर देणार तोच जिन्यावरून कावेरी उतरली. तिने वडिलांना पाहिलं, मागची माणसं पाहिली, पिशव्या पाहिल्या. हार्दिक हातात फुलांचे हार घेऊन उभा होता. त्यानेही पिशव्या पाहिल्या, आणि हळूहळू त्याच्या लक्षात आलं की आपण काय करून बसलो.

कावेरी म्हणाली, "सर, या सगळ्यांना जरा म्युझियम दाखवता? नाना, तुम्ही इकडे या. बसा पायरीवर."

मी मंडळींना आत घेतलं आणि माझ्या आयुष्यातलं सगळ्यात रंगतदार व्याख्यान सुरू केलं. माकडाच्या सांगाड्याची ओळख करून दिली, गरुडाच्या हरवलेल्या डोळ्याची कथा जागच्या जागी रचून सांगितली, हातवारे केले. सगळं व्यर्थ. कारण बाहेर पायरीवर कावेरी वडिलांशी हळू आवाजात बोलत होती, आणि तिच्या हळू आवाजाबद्दल मी वर सांगितलंच आहे. म्युझियममधल्या प्रत्येकाला शब्द न् शब्द ऐकू येत होता. मी बोलायचा थांबलो.

"नाना, मी डॉक्टर होत नाहीये. होणार नव्हतेच. नंबर लागला नाही. हे डॉक्टरांचं कॉलेज नाही. मी बीएस्सी करते. तुम्ही पेढे वाटायला निघालात तेव्हा मी तुमचा हात धरायला पाहिजे होता."

मग नानांचा आवाज. "मग तीन वर्षं शिकलीस काय?"

"सांगू?" ती म्हणाली. आणि सांगायला लागली. शेंग फोडल्याचा आवाज आम्ही ऐकला. दाण्यातलं बाळ, ते काय खाऊन वाढतं, त्याला वर कुठे आणि खाली कुठे हे कसं कळतं. अहिराणीत, इतकं सुंदर, की मी ते कधी कुणा प्राध्यापकाकडून ऐकलेलं नाही. नाना मध्येच उठले.

"माले समजनं नई," म्हणाले. आणि फाटकाबाहेर निघून गेले.

गंगामायने आपल्या अंगठ्याचा एक्सरे पिशवीत घातला, पिशवीची घडी केली आणि म्हणाली, "माले तं पहिलेच वाटे. डॉक्टर कधी इतलं ऐकी लेस का?"

सत्कार झाला. कावेरीने हार घालून घेतला, फोटो काढून घेतला, मॅडमना धन्यवाद दिले. हार्दिक माझ्याजवळ येऊन उभा राहिला, रडकुंडीला आलेला. म्हणाला, "सर, एमणे अडधुं ज वाक्य कह्युं." त्यांनी, म्हणजे नानांनी, अर्धंच वाक्य म्हटलं.

त्या शुक्रवारी ती आली नाही. पोरं पायऱ्यांवर बसून राहिली. हार्दिक तर उभाच होता. प्रश्न आणला असूनही उभा. त्याच्या पुढच्या शुक्रवारीही नाही. मॅडम मला म्हणाल्या, "तुमची बागूल कुठे आहे?" मी म्हटलं, "लग्नसराई जवळ आलीय." मॅडमना काही कळलं नाही, आणि मी सांगितलं नाही.

मग एका शुक्रवारी खिडकीतून तो आवाज आला. ती नेहमीच्या पायरीवर बसत नव्हती. उभी होती.

"बसा ना बेन," पूनम म्हणाली.

"आधी नियम," ती म्हणाली. "घरचा प्रश्न आणलाय."

घरी नाना तिच्याशी बोलत नव्हते. खात्यात त्यांनी स्वतःच सगळ्यांना सांगून टाकलं होतं, एकेकाच्या लूमजवळ जाऊन. अमळनेरलाही कळवलं होतं. तिकडचं स्थळ दुसरीकडे वळलं. आणि गल्ली? गल्लीला काही फरकच पडला नव्हता. डॉक्टर नाही हे कळल्यावरही ओट्यावर माणसं यायची थांबली नव्हती. नाना रोज कामावरून येऊन ते पाहत होते. आदल्या संध्याकाळी जेवताना त्यांनी ताटातून मान वर न करता विचारलं,

"तू डॉक्टर नई शे, ते मंग आपली गल्लीना लोके तुले इचारीसन बरा कशा व्हतस?"

तिने ते पोरांना हिंदीत सांगितलं. डॉक्टर नाहीस, तर लोक तुला विचारून बरे कसे होतात? आणि म्हणाली, "मला उत्तर येत नाही. तुम्ही सांगा."

मीसुद्धा खिडकीत विचार करायला लागलो. आम्ही पदव्या घेतलेली माणसं वर फळ्यावर शिकवतो आणि पोरं खाली पायऱ्यांवर शिकतात, हे माझ्या डोळ्यांसमोर चाललेलं होतं; त्याचं कारण मला तरी कुठे येत होतं?

हार्दिक म्हणाला, "बेन, तमे दवा नथी आपता ने, एटले." तुम्ही औषध देत नाही ना, म्हणून.

सगळे हसले. हार्दिक मात्र हसला नाही.

बागूलबेन खाली बसली. दप्तरातून शेंग काढली. "माले समजनं नई," म्हणाली. "आखो सांग."

शेवटचं तिला पाहिलं ते उधना स्टेशनवर. मी गावी निघालो होतो, आणि ती जळगावला एमएस्सीसाठी. तापीच्या बाजूने जाणाऱ्या त्या गाडीला आमचे सगळे खानदेशी असतात, त्यामुळे फलाटावर अर्धं लिंबायत. मी पुढे जाऊन बोलणार होतो, पण बाकावर ती आणि नाना बसलेले दिसले आणि मी खांबाच्या अलीकडेच थांबलो. नानांनी तोच पांढरा शर्ट घातला होता. मांडीवर शेंगांची पुडी.

ती त्यांना तिथे काय शिकणार ते सांगत होती. अर्थातच मला सगळं ऐकू येत होतं. तिकीट तपासनीसालाही येत होतं. पेशी, पेशीतले धागे, एकाचे दोन होताना ते कसे वाटले जातात. नाना दाणे फोडत होते आणि प्रत्येक दाण्याच्या आत डोकावून मग तोंडात टाकत होते. तिचं सांगून झालं. लांबून गाडीची शिट्टी आली. माणसं बोचकी उचलायला लागली. तीही उठायला लागली.

नानांनी तिच्या दप्तराचा पट्टा धरून तिला खाली बसवलं.

"माले समजनं नई," ते म्हणाले. "आखो सांग."